दुष्काळ, पर्जन्यमापक आणि अल्पभूधारक शेतकरी : भारतातील हवामान आधारित पीक विम्याची ऐतिहासिक वाटचाल

सारांश :

कोरडवाहू शेतीवरील दुष्काळाचे संकट विम्याच्या मार्गाने सुसह्य करता येईल काय, हा प्रश्न भारतात शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. ब्रिटिशकालीन आणेवारी, म्हैसूर संस्थानातील पर्जन्यविम्याची कल्पना, स्वातंत्र्योत्तर काळातील क्षेत्राधारित पीक विमा आणि २००३ नंतरचा हवामान निर्देशांकावर आधारित विमा अशा टप्प्यांतून ही वाटचाल झाली. प्रत्येक टप्प्यावर वादाचा केंद्रबिंदू भरपाईच्या रकमेपेक्षा नुकसानीच्या मोजमापाचा होता, असे प्रस्तुत निबंधात प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : दुष्काळ, आणेवारी, क्षेत्राधारित विमा, पर्जन्यमापक, पीक कापणी प्रयोग, अल्पभूधारक.

प्रस्तावना :

भारतीय शेती हा मान्सूनशी खेळलेला जुगार आहे, असे विधान अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून वारंवार आढळते. महाराष्ट्राच्या बाबतीत त्याची तीव्रता अधिक आहे. राज्यातील सुमारे चार-पंचमांश शेती पावसावर अवलंबून आहे आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर इतके अल्प आहे. एवढ्या जमिनीवर बाजरी, ज्वारी, तूर, सोयाबीन वा कापूस पिकविणाऱ्या कुटुंबाचा एक खरीप हंगाम वाया गेला, तर त्याचा परिणाम त्या वर्षापुरता मर्यादित राहत नाही. बियाण्याचे पैसे बुडतात, पीककर्ज थकीत होते, बैल विकले जातात आणि पुढील वर्षीची पेरणी सावकाराच्या मर्जीवर येते.

विमा ही अनेकांची जोखीम एकत्र करून ती वाटून घेण्याची व्यवस्था होय. आग किंवा अपघात एका वेळी थोड्यांवर कोसळतो, म्हणून तेथे इतरांच्या हप्त्यांतून भरपाई देता येते. दुष्काळ मात्र एकाच वेळी संपूर्ण तालुक्यावर, कधी अनेक जिल्ह्यांवर येतो. शिवाय पीक बुडाले ते पावसाच्या अभावी की मशागतीच्या अभावी, हे लाखो लहान तुकड्यांवर जाऊन तपासणे कोणत्याही कंपनीस परवडणारे नसते. या दोन अडचणींवर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास हाच या निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१) दुष्काळी नुकसानीच्या मोजमापाच्या पद्धती कशा बदलत गेल्या याचा मागोवा घेणे.
२) पर्जन्याधारित विम्याच्या कल्पनेचा उगम व पुनरुज्जीवन अभ्यासणे.
३) या व्यवस्थेत अल्पभूधारक शेतकऱ्याचे स्थान तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय योजना, समित्यांचे निष्कर्ष आणि अर्थशास्त्रीय लेखन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विवेचन :

१. शासनाचा विमा आणि रयतेची आणेवारी

भारतात दुष्काळाच्या संदर्भात 'विमा' हा शब्द राज्यकारभारात आला तो शेतकऱ्यासाठी नव्हे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर हिंदुस्थान सरकारने दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढण्याची 'दुष्काळ विमा' तरतूद केली. दुष्काळ निवारणाच्या खर्चाने सरकारी तिजोरीवर अकस्मात भार पडू नये, हा तिचा हेतू होता. म्हणजेच विमा उतरविला गेला तो शासनाच्या अंदाजपत्रकाचा. ही रक्कम अन्य कामांकडे वळविली जाते, अशी टीका त्या काळच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी केली होती.

शेतकऱ्याच्या वाट्यास आली ती सारा तहकुबी, सारा माफी व तकावी कर्जे. मुंबई इलाख्यात ही सवलत गावच्या पिकाच्या आणेवारीवर अवलंबून असे. पूर्ण पीक सोळा आणे धरून त्या वर्षीचे पीक किती आण्यांचे, हे महसुली अधिकारी नजर पाहणीने ठरवीत. पीक चार आण्यांपेक्षा कमी असल्यास पूर्ण तहकुबी आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असल्यास अर्ध्या साऱ्याची तहकुबी मिळत असे. या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये नोंदविण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे, मोजमाप व्यक्तीचे नसून गावाचे होते. दुसरे म्हणजे, ज्या खात्यास सारा वसूल करावयाचा होता, तेच खाते पीक किती बुडाले हे ठरवीत होते.

दुसऱ्या वैशिष्ट्यातून संघर्ष उद्भवणे अपरिहार्य होते. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक व पुण्याची सार्वजनिक सभा यांनी दुष्काळ संहितेतील हक्कांची माहिती खेडोपाडी पोहोचविण्याचे काम केले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात तर आणेवारीचा आकडा हाच वादाचा मुद्दा होता. तेथील नुकसान अतिवृष्टीने झालेले असले, तरी प्रश्न तोच होता. सरकारी अंदाज आणि रयतेचा अंदाज यांत तफावत असेल, तर खरा कोणता व तो ठरविणार कोण? नजर पाहणी कितीही प्रामाणिक असली, तरी तिची फेरतपासणी करण्याचे साधन रयतेच्या हाती नव्हते.

२. चक्रवर्तींची पर्जन्यविमा योजना

खेडा सत्याग्रहानंतर दोनच वर्षांनी, १९२० मध्ये, म्हैसूर संस्थानातील अधिकारी जे. एस. चक्रवर्ती यांचा भारतीय परिस्थितीस अनुरूप अशा कृषी विमा योजनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही, परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतातील नुकसान स्वतंत्रपणे मोजणे भारतात अव्यवहार्य आहे, असे चक्रवर्तींचे मत होते. त्याऐवजी एका विशिष्ट क्षेत्रातील पाऊस हेच मोजमाप मानावे आणि तो ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी पडल्यास त्या क्षेत्रातील विमाधारकांना भरपाई द्यावी, अशी त्यांची योजना होती.

ही कल्पना शक्य झाली ती पर्जन्यनोंदींच्या उपलब्धतेमुळे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली होती आणि ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी साठल्या होत्या. पर्जन्यमापकास सारा वसूल करावयाचा नसतो आणि शेतकऱ्याने मशागतीत कसूर केली म्हणून पाऊस कमी होत नाही. आणेवारीतील अधिकाऱ्याचा पक्षपात आणि विम्यातील विमाधारकाचा हलगर्जीपणा, असे दोन्ही दोष एकाच साधनाने टाळण्याची ही युक्ती होती. तथापि ही योजना व्यापक प्रमाणावर अमलात आली नाही आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ती विस्मृतीत गेली.

३. स्वातंत्र्योत्तर काळ : व्यक्ती की क्षेत्र?

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर १९४७-४८ मध्ये केंद्र शासनाने पीक विम्याचा विशेष अभ्यास करविला. विमा व्यक्तिगत नुकसानीवर आधारावा की समान परिस्थितीच्या क्षेत्रावर, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता आणि अभ्यासाचा कौल क्षेत्राच्या बाजूने होता. परंतु राज्यांनी आर्थिक भार उचलण्यास अनुकूलता दर्शविली नाही. १९७० मध्ये डॉ. धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही नजीकच्या काळात पीक विमा सुरू करणे उचित नाही, असा निष्कर्ष काढला.

तरीही १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी व्यक्तिगत पद्धतीचा प्रयोग सुरू झाला व पुढे तो महाराष्ट्रासह अन्य काही राज्यांत आणि इतर पिकांसाठी विस्तारला. १९७८-७९ पर्यंत त्यात केवळ ३,११० शेतकरी सहभागी झाले. जमा हप्ता ४.५४ लाख रुपये आणि दिलेली भरपाई ३७.८८ लाख रुपये, म्हणजे हप्त्याच्या आठपटींहून अधिक होती. व्यक्तिगत मोजमापाचा मार्ग आर्थिकदृष्ट्या बंद असल्याचे यावरून सिद्ध झाले.

४. प्रा. वि. म. दांडेकर आणि क्षेत्राधारित विमा

या कोंडीतून मार्ग काढण्याचे श्रेय पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे जाते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी क्षेत्राधारित पद्धतीचा पुरस्कार केला. एका समान क्षेत्रातील सरासरी उत्पादन नेहमीच्या पातळीपेक्षा जेवढ्या प्रमाणात घटेल, तेवढ्या प्रमाणात त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, असा त्याचा गाभा होता. दक्ष शेतकऱ्यास दक्षतेचा लाभ मिळतो, कारण त्याचे पीक चांगले आले तरी भरपाई कमी होत नाही. आणि हलगर्जीपणा करणाऱ्यास त्याचा अधिक मोबदला मिळत नाही.

या पद्धतीस आवश्यक असणारे शास्त्रीय साधन आधीच उपलब्ध होते. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुना पद्धतीने पीक कापणी प्रयोगांची घडी बसविण्यात मोलाची कामगिरी केली होती. नजर पाहणीची जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यातील प्रत्यक्ष वजनाने घेतली. अशा रीतीने आणेवारीतील 'गाव हे एकक' हे तत्त्व कायम राहिले, मात्र अंदाजाच्या जागी तराजू आला.

१९७९ मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक योजनेत १९८४-८५ पर्यंत १३ राज्यांतील ६.२७ लाख शेतकरी सहभागी झाले. सुमारे १९७ लाख रुपये हप्त्याच्या तुलनेत १५७ लाख रुपये भरपाई गेली, म्हणजे योजना तोट्यात गेली नाही. १९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीक विमा योजना देशपातळीवर आली. तृणधान्यांसाठी दोन टक्के आणि कडधान्ये व तेलबियांसाठी एक टक्का असे सरसकट अल्प दर ठेवण्यात आले. १९९९ पर्यंत सुमारे ४०० कोटी रुपये हप्त्यापोटी सुमारे २,३०० कोटी रुपये भरपाई द्यावी लागली आणि तिचा मोठा हिस्सा गुजरातमधील भुईमुगाकडे गेला. जोखमीनुसार दर न ठेवल्यास विमा हा अनुदानाचे दुसरे नाव ठरतो, हा या योजनेचा धडा होय.

अल्पभूधारकाच्या दृष्टीने या योजनेचा अधिक गंभीर दोष वेगळाच होता. ती केवळ संस्थात्मक कर्ज घेणाऱ्यांसाठी होती. ज्याचे सोसायटीत खाते नाही, ज्याचे कर्ज थकले आहे, जो वाट्याने दुसऱ्याची जमीन कसतो, तो विम्याच्या बाहेर राहिला. दुष्काळाचा फटका ज्यांना सर्वाधिक बसतो, त्यांचा मोठा गट असा वगळला गेला. १९९९-२००० च्या रब्बी हंगामापासून आलेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेने बिगर कर्जदारांना ऐच्छिक प्रवेश दिला. तथापि भरपाई पीक कापणीचे आकडे हाती आल्यावरच ठरत असल्याने ती पुढील पेरणीच्या वेळेपर्यंत मिळेलच, याची शाश्वती नव्हती.

५. पर्जन्यमापकाचे पुनरागमन

विलंब आणि कापणी प्रयोगांचा खर्च या दोन कारणांनी पर्जन्यविम्याची जुनी कल्पना पुन्हा पुढे आली. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील (आताच्या तेलंगणातील) महबूबनगर जिल्ह्यात बेसिक्स ही ग्रामीण वित्तसंस्था व आयसीआयसीआय लोम्बार्ड ही विमा कंपनी यांनी जागतिक बँकेच्या तांत्रिक साहाय्याने भुईमूग व एरंडीसाठी पर्जन्य निर्देशांकावर आधारित विमा विकला. पहिल्या वर्षी २३० शेतकऱ्यांनी तो घेतला. २००४ मध्ये भारतीय कृषी विमा कंपनीने 'वर्षा बिमा' ही योजना प्रायोगिक स्वरूपात आणली आणि २००७ च्या खरिपात कर्नाटकात हवामान आधारित पीक विमा योजनेस आरंभ झाला.

या विम्याचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. जुलै महिन्यासाठी २०० मिलिमीटर हा पावसाचा ट्रिगर आणि त्याखालील प्रत्येक मिलिमीटर तुटीस १० रुपये भरपाई असा करार मानल्यास, केंद्रावर १५० मिलिमीटर पाऊस नोंदला जाताच विमाधारकास ५०० रुपये देय होतात. पंचनामा नाही, कापणी प्रयोग नाही, अर्जविनंती नाही. हंगाम संपण्याची वाट न पाहता रक्कम देता येते आणि दुबार पेरणीसाठी तिचा उपयोग होऊ शकतो. कर्ज घेतले आहे किंवा नाही, याचाही येथे संबंध नाही.

तथापि याच उदाहरणात योजनेची मर्यादाही दडलेली आहे. २०० मिलिमीटर पाऊस दोन दिवसांत कोसळून उरलेले चार आठवडे पावसाने ओढ दिली, तर पीक करपते, परंतु महिन्याच्या बेरजेत तूट दिसत नाही. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी आणि शेत पंधरा किलोमीटरवर पर्जन्यछायेत असेल, तर केंद्रावर पाऊस आणि शेतात धूळ असे चित्र दिसते. मुरमाड हलकी जमीन आठवड्याच्या खंडात सुकते, तर भारी काळी जमीन तोच खंड सोसते. पर्जन्यमापकास या दोन जमिनी सारख्याच. निर्देशांक आणि प्रत्यक्ष नुकसान यांमधील ही दरी विमाशास्त्रात 'आधार-जोखीम' म्हणून ओळखली जाते. विमा कंपनीच्या दृष्टीने ती तांत्रिक बाब असली, तरी हप्ता भरूनही पीक गमावलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तो दुहेरी तोटा असतो.

महबूबनगर परिसरातील सहभागावर झेवियर जिने, रॉबर्ट टाउनसेंड व जेम्स विकरी यांनी केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. जोखमीस अधिक भिणारे शेतकरी विमा अधिक घेतील, अशी सिद्धांताची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अशा कुटुंबांनी तो कमी प्रमाणात घेतला, आणि संस्थेशी पूर्वपरिचय असणाऱ्यांनी अधिक घेतला. हे वर्तन अज्ञानाचे मानणे योग्य ठरणार नाही. जो विमा गरजेच्या वेळी मिळेल याची खात्री नाही, तो विमा स्वतःच एक नवी जोखीम असतो, हे या कुटुंबांनी व्यवहारातून ओळखले होते.

६. महाराष्ट्रातील अलीकडील अनुभव

२०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आणि पुनर्रचित हवामान आधारित विमा योजना या एकत्रित लागू झाल्या. खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी व फळपिकांसाठी पाच टक्के असा शेतकरी हिस्सा ठरला व उर्वरित भार शासनाने उचलला. महाराष्ट्रात द्राक्ष, डाळिंब, संत्रा, आंबा इत्यादी फळपिकांना हवामान केंद्राच्या नोंदींचे मोजमाप लागू झाले, तर ज्वारी, बाजरी, सोयाबीन यांसारख्या पिकांना प्रामुख्याने कापणी प्रयोगांचे. 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळ स्तरावर २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही सहभाग ऐच्छिक झाला.

२०२३ चे वर्ष या व्यवस्थेची कसोटी ठरले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. हंगामाच्या मध्यात अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या निम्म्याहून घटल्यास २५ टक्के आगाऊ भरपाई देण्याची तरतूद योजनेत होती. राज्यातील अनेक मंडळांत २१ दिवसांहून अधिक पावसाचा खंड पडल्याने तिची मागणी झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिसूचनांवर विमा कंपन्यांनी काही जिल्ह्यांत आक्षेप घेतले. खंड किती दिवसांचा, नोंद कोणत्या केंद्राची, पीक खरोखर निम्म्याने घटले काय, यांवर वाद झाले. १९१८ मधील आणेवारीचा वाद शतकानंतर उपग्रह व स्वयंचलित केंद्रांच्या युगात नव्या शब्दांत उभा राहिला, असे म्हणता येईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

त्याच खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा केवळ एक रुपया केला आणि सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज दाखल झाले. हप्त्याचा अडसर दूर झाल्याने सहभाग वाढला, परंतु बनावट अर्जांच्या तक्रारीही मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. २०२५ मध्ये ही सवलत बंद करून पूर्वीचे टक्केवारीचे दर पुन्हा लागू करण्यात आले आणि भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगावर आणण्यात आला. परिणामी दुष्काळाच्या वर्षी रोख रक्कम हंगामाच्या मध्यात हाती येण्याची शक्यता मावळली. मोजमाप अधिक खात्रीचे झाले, पण ते उशिराचे झाले.

७. विम्याच्या मर्यादा

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रास तारले ते विम्याने नव्हे, तर रोजगार हमीच्या कामांनी. १९७७ च्या कायद्याने त्या हमीस वैधानिक रूप मिळाले. या योजनेत नुकसान मोजण्याची गरजच नव्हती. जो कामावर येईल तो गरजू, हे तिचे साधे मोजमाप होते. भूमिहीन शेतमजुरास कोणताही पीक विमा स्पर्श करीत नाही, याचेही येथे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. विमा हा पेरणीत गुंतविलेल्या भांडवलाचे रक्षण करतो, उपजीविकेचे नव्हे. यास्तव विमा व रोजगार हमी हे परस्परांस पर्याय नसून पूरक आहेत.

निष्कर्ष :

१) आणेवारी, कापणी प्रयोग आणि पर्जन्यमापक ही तीन मोजमापे भारतीय शेतीत क्रमाने आली, परंतु एकाने दुसऱ्यास पूर्णतः हटविले नाही. आजच्या दुष्काळ निवारणात पैसेवारी, तराजू व हवामान केंद्र ही तिन्ही एकाच वेळी वावरतात आणि एकाच गावाविषयी परस्परविरोधी निर्णय देऊ शकतात.

२) पर्जन्यविमा ही परदेशातून आलेली नवी कल्पना नसून तिचा स्पष्ट आराखडा १९२० मध्येच म्हैसुरात मांडला गेला होता. तिच्या पुनरुज्जीवनात वेग साधला गेला, परंतु प्रत्यक्ष नुकसानीशी असलेले अंतर वाढले. हे अंतर सोसण्याची ऐपत कंपनी व शासन यांच्याकडे असताना ते बहुतांशी अल्पभूधारकाने सोसले.

३) हवामान केंद्रांची घनता वाढविणे, त्यांच्या दैनंदिन नोंदी गावपातळीवर मराठीतून जाहीर करणे, आणि पर्जन्य निर्देशांकावर तत्काळ अंशतः रक्कम देऊन उर्वरित भरपाई कापणी प्रयोगानंतर देणे, असा संयुक्त मार्ग ऐतिहासिक अनुभवातून सूचित होतो. पहिल्या रकमेने पुढील पेरणी साधेल व दुसरीने मोजमापातील चूक सुधारेल.

४) मोजमापास आव्हान देण्याचा अधिकार हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. खेड्यातील रयतेकडे १९१८ मध्ये तो नव्हता, म्हणून तिला सत्याग्रह करावा लागला. आज विमाधारक शेतकऱ्यास आपल्या मंडळातील केंद्राची नोंद पाहता येणे, कापणी प्रयोगाच्या वेळी उपस्थित राहता येणे आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळणे, एवढे किमान हक्क दिल्याखेरीज कोणतीही विमा योजना त्याच्या विश्वासास पात्र होणार नाही. दुष्काळाच्या वर्षी पाऊस आणणे कोणाच्या हाती नसते. तो किती पडला आणि पीक किती बुडाले, हे उघडपणे मोजणे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती असते.